पुस्तकांसकट विकलेलं कपाट

जुन्या लाकडाचे शौकीन म्हणवणाऱ्या माणसांइतकी ढोंगी जमात मी दुसरी पाहिलेली नाही. आणि मी दिल्लीत, केंद्र सरकारच्या नोकरीत केस पांढरे केलेली बाई आहे, तेव्हा ढोंग कशाला म्हणतात हे मला कोणी शिकवायला नको. आमच्या खात्यातला माणूस निदान बढतीसाठी ढोंग करतो. हे लोक हौसेने करतात, वर त्यासाठी पैसे मोजतात.

त्यांच्याशी माझी गाठ पडली ती आईच्या वाचनापायी.

करोल बागेत आमच्या मराठी मंडळाची इमारत आहे. एका बाजूला लग्नाच्या लेहेंग्यांचं दुकान, दुसऱ्या बाजूला गाड्यांचे सुटे भाग, आणि मध्ये आम्ही, संस्कृती जपत बसलेले. वरच्या मजल्यावर वाचनालय होतं. काचेच्या दारांची पाच सागवानी कपाटं, दोन लांब टेबलं आणि एक पंखा, जो लावला की समोरच्या पुस्तकाची पानं आपोआप उलटायची. आई लग्न होऊन साताऱ्याहून इथे आली तेव्हा तिला हिंदीचं एक वाक्य धड बोलता येत नव्हतं. वडील सकाळी ऑफिसला गेले की दिवस तिला खायला उठायचा. शेवटी वडिलांनी तिला वाचनालयाची सभासद केलं. पहिल्या दिवशी तिथल्या गृहस्थांनी विचारलं, कुठलं पुस्तक देऊ? नवी नवरी ती, काय मागायचं ते सुचेना, म्हणाली, "पहिलं द्या." त्यांनी पहिल्या कपाटाच्या वरच्या फळीवरचं डावीकडचं पहिलं पुस्तक काढून दिलं. ते परत करताना तिने त्याच्या शेजारचं मागितलं, ते झाल्यावर त्याच्या शेजारचं.

ही रीत तिने पुढे आयुष्यभर मोडली नाही. आवडनिवड नावाचा प्रकार नाही. ओळीत जे येईल ते वाचायचं. कादंबऱ्या, नाटकं, प्रवासवर्णनं, आयुर्वेद, कोणा संस्थानिकाच्या दिवाणाने लिहिलेलं कंटाळवाणं आत्मचरित्र, सगळं. मध्येच कुक्कुटपालनावरचं पुस्तक आलं. आम्ही तेव्हा सरकारी क्वार्टरच्या तिसऱ्या मजल्यावर राहत होतो आणि आमच्या घरात अंडंसुद्धा येत नव्हतं. तिने तेही मन लावून वाचलं आणि कोंबड्यांना होणाऱ्या रोगांविषयी जेवताना आम्हाला सांगितलं. मी वैतागून म्हटलं, असली पुस्तकं सोडून द्यायला काय होतं? तर म्हणाली, "लिहिणाऱ्याने लिहिताना कंटाळा केला का? मग मी कशाला करू?"

दिवाळीनंतरच्या एका रविवारी मंडळात पुस्तकांना कव्हरं घालायचा कार्यक्रम असायचा. बायका सतरंजीवर बसून खाकी कागद कापायच्या, मैद्याच्या खळीने चिकटवायच्या, आणि पुरुष मध्ये उभे राहून पूर्वीच्या कव्हरांची प्रत कशी चांगली होती ते सांगायचे. आईचं अक्षर सुरेख. त्यामुळे पुस्तकाच्या कण्यावर काळ्या शाईने नाव घालायचं काम तिच्याकडे. वाचनालयातली झाडून सगळी पुस्तकं खाकी, आणि झाडून सगळ्यांची नावं आईच्या अक्षरात. नावं तिला सगळी माहीत होती. आत काय आहे ते मात्र ओळ तिथवर पोचल्याशिवाय ती बघायची नाही.

हे असं चालू असताना काचबिंदूने तिचा उजवा डोळा नेला आणि मग डाव्याकडे मोर्चा वळवला. डॉक्टर म्हणाले, "माताजी, जो पढ़ना है, अभी पढ़ लीजिए." डॉक्टर सहज बोलले असतील. आईने ते कामाला लागा अशा अर्थाने घेतलं. पाचव्या कपाटाच्या खालच्या दोन फळ्या तेवढ्या राहिल्या होत्या. डोळा जायच्या आत तेवढ्या वाचून व्हाव्यात, याशिवाय तिचं या जगाकडे दुसरं मागणं नव्हतं, आणि तेवढ्या तिच्यापर्यंत पोचवाव्यात, याशिवाय माझं नव्हतं.

नेमकं तेव्हाच मंडळाने वाचनालय बंद केलं.

बंद केलं असं अर्थातच कोणी म्हणालं नाही. आमच्या मंडळात वाईट गोष्टींना नेहमी चांगलं नाव असतं. वाचनालयाचा "कायापालट" होणार होता. करोल बागेत आणि आसपास महाराष्ट्रातून आलेली स्पर्धा परीक्षांची पोरं खोल्या घेऊन राहतात. त्यांना बसून अभ्यास करायला भाड्याने टेबलखुर्ची लागते. तेव्हा वाचनालयात प्लायवूडचे खण पाडायचे, एसी बसवायचा आणि महिन्याच्या भाड्याने द्यायचे, असं ठरलं. मंडळाचे चिटणीस मला उत्साहाने समजावत होते.

"ताई, आता लायब्ररीची कन्सेप्टच बदलली. एसी, वायफाय आणि चार्जिंग पॉइंट. बस."

"आणि पुस्तकं?"

"पुस्तकं मुलं आपापली आणतात ना."

वाचनालय सुधारण्यासाठी त्यातली पुस्तकं काढायची, ही कल्पना सुचायला किती वर्षं समाजकार्य करावं लागत असेल देव जाणे. मी विचारलं, मग कपाटं कुठे जाणार? ती विकायची, म्हणाले. लिलावात. एका सभासदाच्या जावयाच्या ओळखीने एक लिलाववाले येऊन बघून गेले होते आणि कपाटं बघून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं म्हणे. ठराव सर्वानुमते झाला होता. आमच्याकडे ठराव सर्वानुमतेच होतात, कारण विरोध करायचा तर उभं राहावं लागतं आणि तोवर बटाटेवडे गार होतात.

मी म्हटलं, "ठीक आहे, कपाटं विका. पाचव्या कपाटाची किल्ली मला द्या. खालच्या दोन फळ्यांवरची पुस्तकं मी आईला नेते, वाचून झाली की आणून देते."

चिटणिसांचा चेहरा गंभीर झाला. "तसं एकट्यादुकट्याला किल्ली देता येत नाही, ताई. पुस्तकांचं काय करायचं त्यासाठी उपसमिती नेमली आहे. काकूंना सांगा, थोडा धीर धरा."

काकू म्हणजे माझी आई, जिने त्यातल्या प्रत्येक पुस्तकावर स्वतःच्या हाताने नाव घातलं होतं. उपसमितीत तिघेजण होते. एक मुलीकडे पुण्याला गेले होते, एकांचं गुडघ्याचं ऑपरेशन होतं आणि तिसरे गणेशोत्सवाच्या वर्गणीत गुंतले होते. बैठक काही होईना. मी दर आठवड्याला चिटणिसांना फोन करायची आणि ते दर वेळी मला उपसमितीची अडचण नव्याने समजावून सांगायचे. घोंगडं भिजत पडलं. आणि एका सकाळी लिलाववाल्यांचा टेम्पो दारात उभा राहिला.

आता, जगात इतर कुठल्याही लोकांनी कपाटं टेम्पोत चढवायच्या आधी रिकामी केली असती. पण पुस्तकांविषयी निर्णय घ्यायचा अधिकार उपसमितीचा होता आणि उपसमितीने निर्णय घेतला नव्हता. म्हणून कोणीही पुस्तकांना हात लावला नाही. कपाटं कुलपं लावून, पुस्तकांसकट, दोर बांधून उतरवली गेली. चिटणीस खाली उभे राहून "सांभाळून, सांभाळून" म्हणत होते, असं मला नंतर त्यांनीच कौतुकाने सांगितलं. नियम मोडायला नको म्हणून सबंध वाचनालय देऊन टाकणारी माणसं आमच्याशिवाय दुसरीकडे मिळायची नाहीत.

मला हे कळलं ते मंडळाच्या ग्रुपवर. "आपली कपाटं लिलावात! अभिमानाचा क्षण!" खाली हात जोडलेल्या चित्रांची रांग, आणि लिलाववाल्यांच्या माहितीपत्रकाचं एक पान. त्यात लिहिलं होतं की ही कपाटं एका मराठा सरदार घराण्याच्या पानिपत येथील खासगी ग्रंथसंग्रहातली आहेत. मी ते वाचून कपाळाला हात लावला. पानिपतावर गेलेल्या मराठ्यांना तिथे सुतार बोलावून काचेची कपाटं करून घ्यायला सवड मिळाली, हे माझ्या ऐकिवात नव्हतं. ही कपाटं इंग्रज गेल्यानंतर कितीतरी वर्षांनी, सभासदांच्या वर्गणीतून, करोल बागेतल्याच एका सुताराने केली होती. मी चिटणिसांना फोन केला. ते म्हणाले, "मी फक्त एवढंच म्हटलं की आपल्यातले काही सभासद जुन्या घराण्यातले आहेत. पुढचं त्यांनी डेव्हलप केलं."

मी आईला खरं काय ते सांगितलं. ती म्हणाली, "विकत घेणाऱ्याला कपाट हवं असेल ना? मग पुस्तकं आपल्याला देईल तो." मला तेव्हा ते पटलं. मीसुद्धा कपाट म्हणजे कपाट आणि पुस्तक म्हणजे पुस्तक असंच समजत होते. दरम्यान मी राहिलेल्या दोन फळ्यांवरच्या पुस्तकांची नावं आईकडून लिहून घेऊन पुण्याच्या जुन्या पुस्तकवाल्यांना विचारून पाहिलं होतं. एकही मिळालं नाही. छापणारे प्रकाशक कधीच बंद पडले होते.

लिलाव छतरपूरच्या एका फार्महाऊसवर होता. फार्म म्हणजे हिरवळ आणि तीन मोर. मी ऑफिसला सुट्टी टाकून गेले. आत पांढऱ्या तंबूत जुनं सामान मांडलं होतं आणि त्याच्याभोवती ती जमात फिरत होती. लिननच्या चुरगळलेल्या साड्या नेसलेल्या बायका, ज्यांच्या घरी इस्त्रीला माणूस ठेवलेला असतो. बोटांत चांदीच्या जाड अंगठ्या घातलेले पुरुष. कोणी लाकडावर हाताची मागची बाजू फिरवत होतं, आजारी पोराचा ताप बघावा तशी. एकाने तर कपाटाच्या फळीला नाक लावून डोळे मिटले. "पॅटिना," तो म्हणाला, आणि त्याच्याबरोबरच्यांनी माना डोलावल्या. पॅटिना म्हणजे आमच्याकडे ज्याला तेलकट हातांचा थर म्हणतात तो. आमच्या मंडळाच्या कपाटांवर तो चकल्या खाऊन पुस्तकं हाताळणाऱ्या पिढ्यांनी चढवला होता.

एका बाईने वाळवीची भोकं दाखवून विचारलं, "ये ओरिजिनल हैं ना?" लिलाववाल्यांचा माणूस म्हणाला, "बिल्कुल, मैम." तिला हायसं वाटलं. घरात खरी वाळवी निघाली की हीच बाई औषधवाल्याला फोन करून किंचाळत असणार. पण वाळवी जुनी आणि दुसऱ्याच्या घरची असली की तिचंही कौतुक.

मी तिथल्या टेबलावरच्या मुलीला सांगून पाहिलं की पाचव्या कपाटातली पुस्तकं चुकून आली आहेत, ती मंडळाची आहेत. तिने गोड हसून सांगितलं, "मैम, लॉट जैसा है वैसा ही जाएगा." चिटणीस आणि कार्यकारिणीचे चौघे पहिल्या रांगेत बसले होते. जॅकेट घालून, लग्नाला आल्यासारखे. मी चिटणिसांना म्हटलं, "तुम्ही सांगा ना त्यांना. तुमच्या शब्दाला किंमत आहे." ते कुजबुजले, "ताई, आता इथे असं बोललं तर बरं दिसणार नाही." माणसाने आयुष्यात काय वाटेल ते केलं तरी चालतं, फक्त ते बरं दिसलं पाहिजे, हा आमचा धर्म.

तेव्हा बोली लावायची पाटी घेऊन मीच बसले. पाचवं कपाट विकत घ्यायचं, पुस्तकं घरी न्यायची आणि कपाट कोणाच्या तरी गळ्यात मारायचं, असं ठरवलं. पहिली चार कपाटं भराभर गेली. एक हॉटेलवाल्याने घेतलं, एक कॉफीच्या दुकानाने. पाचव्याला मी पाटी वर केली. माझ्यासमोर एकच माणूस होता, चाळिशीचा, पांढरेशुभ्र बूट घातलेला, फोनवरून नजर न काढता पाटी वर करणारा. मी बोली वाढवली की तो वाढवायचा. आणि प्रत्येक बोलीनंतर पहिल्या रांगेतून टाळ्या. आमची कार्यकारिणी टाळ्या वाजवत होती! मी पुढे वाकून चिटणिसांना म्हटलं, "निदान टाळ्या तरी थांबवा, मी बोली लावतेय." ते वळून म्हणाले, "अहो, तुम्ही लावताय म्हणूनच तर! आपल्या माणसाला नको का प्रोत्साहन द्यायला?" त्या प्रोत्साहनाने तो पांढऱ्या बुटांचा माणूस जास्तच चेकाळला. एवढ्या टाळ्या पडताहेत म्हणजे चीज मोठी असणार असं त्याला वाटलं असावं. माझी ऐपत संपली. ऐपतीच्या पुढेही मी एकदा पाटी वर केली, आणि मग मला ती खाली ठेवावी लागली.

मी त्याला तंबूबाहेर गाठलं. आईचं सगळं सांगितलं, डोळ्याचंही. कपाट तुमचं, पुस्तकं तेवढी द्या, त्यांचे वेगळे पैसे देते, असं म्हटलं. तो मनापासून हसला. "आंटी, किताबें ही तो पूरा लुक हैं! ये सेम ब्राउन पेपर, ये हैंडराइटिंग. इतना टोनल कलेक्शन आजकल मिलता कहाँ है?"

खाकी कव्हरं! पुस्तकं टिकावीत म्हणून बायकांनी घातलेली ती कव्हरं त्याला त्याच्या सोफ्याला शोभणारी वाटली होती. त्याने विचारलं, भाषा कुठली? मराठी म्हटल्यावर "ओह, नाइस" म्हणाला आणि त्याचं लोणावळ्याला जाणं झालं होतं ते सांगितलं. मी पुन्हा हात जोडले. हो, जोडले. तेव्हा त्याला दया आली. "यार, ऐसा करते हैं. घर का काम चल रहा है गुरुग्राम में. हो जाए तो मम्मीजी को ले आइए. आराम से बैठके पढ़ें. ओपन हाउस है." त्याने फोन नंबरही दिला. आईला हे सांगितलं तेव्हा तिला तो माणूस फार चांगला वाटला. "लोकाच्या घरी जाऊन वाचायचं म्हणजे जरा संकोच वाटतो," एवढंच म्हणाली, आणि तिथे जाताना काय न्यायचं याचा विचार करू लागली.

त्यानंतर आम्ही वाट बघत बसलो. मी फोन केला की काम चालू असायचं. कधी संगमरवर यायचा होता, कधी सुतार गावाला गेला होता. आईने डोळा राखून ठेवायला सुरुवात केली. टीव्ही बंद केला. पेपर मी वाचून दाखवायची. तांदूळ निवडणं, सुईत दोरा ओवणं, काही करू द्यायची नाही ती स्वतःला. दुपारी उजेडाकडे पाठ करून नुसती बसायची. एखाद्याने प्रवासासाठी पैसे गाठीला बांधावेत तसं तिचं चाललं होतं. मी म्हटलं, ती पुस्तकं मी तुला वाचून दाखवीन की. ती म्हणाली, "ऐकणं निराळं. तू भरभर वाचतेस, आणि नको तिथे हसतेस." ते खरं होतं.

अखेर एकदा निरोप आला. या रविवारी या. आईने बेसनाचे लाडू केले, रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून. नारायणपेठ नेसली. दोन चष्मे घेतले, भिंग घेतलं. टॅक्सीत बसल्यावर पहिल्या पुस्तकाचं नाव तिने मला सांगितलं, जिथे ती थांबली होती त्याच्या पुढचं. आज निदान पन्नास पानं होतील असा तिचा अंदाज होता, आणि दर रविवारी येऊ दिलं तर हिवाळ्याच्या आत एक फळी.

गुरुग्रामच्या त्या टॉवरच्या गेटवर पहारेकऱ्याने फोनवर आमची परवानगी मागवली, आमचे फोटो काढले. चोविसाव्या मजल्यावर लिफ्ट थेट घरातच उघडली. पांढरं सगळं, आणि माणूस राहत असल्याची कुठे खूण नाही. त्याची बायको पुढे आली. तिने लाडवांचा डबा दोन बोटांनी धरून बाजूला ठेवला आणि आईला "सो स्वीट" म्हटलं. समोरच्या भिंतीशी कपाट होतं. पॉलिश करून झळझळीत केलेलं, आत दिवे सोडलेले, काचेच्या आड खाकी पुस्तकांच्या ओळी जशाच्या तशा. आई सरळ खालच्या दोन फळ्यांपाशी गेली, स्टूल ओढून बसली आणि काचेला जवळजवळ नाक लावलं. "हे बघ," मला म्हणाली, "इथे थांबले होते मी." इतकी खूश ती मला वडील गेल्यापासून दिसली नव्हती.

तिने विचारलं, उघडू का? बायको म्हणाली, "रुकिए आंटीजी, मैं दिखाती हूँ, बहुत कूल है." तिने काचेचं दार उघडलं आणि पुस्तकांच्या ओळीची एक कड दाबली. दोन्ही फळ्या, वरपासून खालपर्यंत, एका फळकुटासारख्या बाहेर आल्या. आत निळसर उजेड होता आणि दारूच्या बाटल्या.

आईला कळलं नाही. तिने हात घालून तिचं पुस्तक ओढलं. ते हलेना. तिने कण्याच्या मागे बोटं घालून पाहिली.

"जगह नहीं थी ना अंदर," नवरा म्हणाला. "तो कारपेंटर ने सबकी बस ये वाली साइड काटके प्लाय पे चिपका दी. एकदम सीमलेस."

"आणि पानं? पन्ने कहाँ हैं?" मी विचारलं.

"पन्ने?" तो जरा गोंधळला. मग बायकोकडे बघून म्हणाला, "कबाड़ी ले गया होगा."

मी आजवर पुष्कळ लोकांना तुच्छ मानलं आहे. ते माझ्या स्वभावातच आहे, आणि बहुतेकांनी ते कमावलेलं असतं. पण तिथे उभी असताना मला जे वाटलं त्याला तो शब्द पुरत नाही. मला त्या दोघांना आणि त्या चिटणिसाला त्याच सुताराकडे द्यावंसं वाटलं.

आईची बोटं थोडा वेळ त्या प्लायवूडवर तशीच राहिली. मग तिने भिंग काढलं. डावा डोळा भिंगाला लावला आणि जिथे थांबली होती तिथून पुढचं नाव मोठ्याने वाचलं. मग त्याच्या पुढचं. एक न गाळता, घाई न करता, स्वतःच्या हाताने लिहिलेली ती नावं तिने एकामागून एक वाचत नेली. मध्ये एक शाई पुसट झालेलं होतं, त्याच्यापाशी ती थांबून राहिली आणि अक्षर लागल्यावरच पुढे गेली. वरची फळी संपली, मग खालची. मी तिला एकदाही थांबवलं नाही. बायकोने फोन काढून व्हिडिओ घ्यायला सुरुवात केली आणि नवऱ्याला हळूच म्हणाली, "हाउ क्यूट."

शेवटचं नाव वाचून आई उठली. मी तिला हात दिला. तो माणूस आम्हाला लिफ्टपर्यंत सोडायला आला आणि अगदी मनापासून म्हणाला, "आंटीजी, जब मन करे आइए पढ़ने. आपका ही घर है."

"नहीं बेटा," आई तिच्या त्या साताऱ्याच्या हिंदीत म्हणाली, "अब हो गया. सब पढ़ लिया."

आणि तिने, मोठ्या माणसांनी द्यावा तसा, त्याच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला. त्या आशीर्वादाबद्दल मी तिला अजून माफ केलेलं नाही.